दौरा क्रमांक

"हा एसी माझा आहे," डॉ. सांगवडेकर दारातूनच म्हणाले. "बाकी तुमचं चालू द्या."

मी सर्व्हरच्या रॅकमागे गुडघ्यांवर बसून केबलांना चिठ्ठ्या चिकटवत होते. घाईनं उठले आणि डोकं पत्र्यावर आपटलं.

"सर, मी मागितला नव्हता. खोलीचं तापमान किती लागेल एवढंच लिहून दिलं होतं."

"तेच तर. आम्ही वर्षानुवर्षं मागत होतो, तेव्हा कुठे मिळाला. तुम्ही तापमान लिहून दिलंत आणि तो उचलून इकडे आणला." ते एसीखाली येऊन उभे राहिले आणि वर बघत त्याच्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तिकडे माझ्या वाळवलेल्या झाडांना बुरशी यायला लागली. इथे डबे गार."

कोल्हापूरच्या बाहेर माळावर आमची संशोधन संस्था होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावरची माझी ती पहिली नोकरी. संस्थेत पाच विभाग होते: वनस्पती, माती, पाणी, पक्षी आणि कीटक. पाचही विभागांची माणसं वर्षानुवर्षं सह्याद्रीच्या त्याच त्या डोंगरांवर जाऊन मोजमापं करत, पण कुणी काय मोजलंय हे शेजारच्या खोलीतल्याला माहीत नसे. कुणाची माहिती जुन्या सीडींवर, कुणाची घरच्या संगणकात, कुणाची निवृत्त झालेल्या सहायकाच्या डोक्यात. या सगळ्याची सूची करायची, ती सर्व्हरवर चढवायची आणि त्यातल्या नोंदी एकमेकींना जोडायच्या, हे माझं काम. दिल्लीच्या एका संस्थेनं त्यासाठी निधी दिला होता. पण मला खरी ओढ होती ती जोडल्यावर काय दिसेल याची. जिथे माती आम्ल तिथे कुठले किडे? जिथे ते किडे तिथे कुठलं फूल? हे प्रश्न आजवर कुणी विचारलेच नव्हते, कारण उत्तरं पाच कुलपांमागे होती.

"नाव काय?" सरांनी विचारलं.

"स्नेहल मगदूम."

"गाव?"

"जयसिंगपूर."

"झाडं ओळखता येतात?"

"नाही सर. संख्याशास्त्र."

"म्हणजे मोजणारी. ओळखणारी नव्हे." त्यांनी खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला, पण माझ्या हातात दिला नाही. "संचालकांचा हुकूम आहे. माहिती दिल्याशिवाय निवृत्तीचे कागद पुढे सरकायचे नाहीत. पुढच्या जुलैला मी सुटणार. म्हणून देतोय. यात एक झाड आहे, मगदूमबाई."

"एकच?"

"हजारो आहेत. पण एक आहे." ते स्टुलावर बसले. "खर्पुडीची जात. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, खडकाच्या भेगेत येते. वीतभर उंच, काडीएवढी जाड, आणि हिरवट पिवळं कंदिलासारखं फूल. आजवर जगात कुठे नोंद नाही. मला सापडून बरीच वर्षं झाली."

"मग नाव काय ठेवलंत?"

"नाव ठेवायचं तर पेपर लिहावा लागतो. पेपर लिहायचा तर जागा सांगावी लागते. जागा सांगितली की कुंडीत लावणारे हौशी लोक येतात पिशव्या घेऊन. म्हणून नाव नाही." त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला, वर बोट तसंच. "यात फक्त तालुका लिहिलाय. सडा कुठला, कुठल्या बाजूला, काही नाही. तुमच्या या यंत्रातून ती जागा कुणाला कळणार नाही ना?"

"तुम्ही लिहिलीच नाही, तर यंत्राला कुठून कळेल, सर?"

त्यांना ते पटलं. मलाही.

पहिले काही महिने साफसफाईत गेले. पक्षीवाल्यांची तारीख दिवस आधी, पाणीवाल्यांची महिना आधी. मातीवाले खोली इंचांत लिहीत, पाणीवाले मीटरमध्ये. एकाच गावाचं नाव सात तऱ्हांनी लिहिलेलं. जोडायचं कशानं, हा प्रश्न सुटेना. जागा जुळत नव्हत्या, तारखांवर विश्वास नव्हता.

तो प्रश्न डॉ. नजीर मोमीन यांनी सोडवला. ते मातीचे. सांगवडेकरांचे जिवलग मित्र, आणि दिवसभर एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांना चहा जात नसे.

"दौरा क्रमांकानं जोड की," मोमीन सर म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, संस्थेत जीप एक. आपण सगळे तिच्यात कोंबून जातो. हा सांगवड्या पुढे बसतो, मी मागे मातीच्या पोत्यांवर. प्रत्येक फेरीला गाडीखात्याकडून दौरा क्रमांक मिळतो, आणि तो प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहावाच लागतो. नाहीतर प्रवासभत्ता मंजूर होत नाही."

"आणि तो सगळे बरोबर लिहितात?"

"मगदूम, शास्त्रज्ञ तापमान चुकवेल, उंची चुकवेल, बायकोचा वाढदिवस चुकवेल. भत्त्यासाठी लिहिलेला आकडा कधी चुकवत नाही."

खरंच होतं. दौरा क्रमांक सगळीकडे होता, आणि सगळीकडे बिनचूक होता. मी तो नियम लिहिला, यंत्राला कामाला लावलं, आणि एका दुपारी पाचही विभागांच्या नोंदी एकमेकींना जाऊन चिकटल्या. मोमीन सर माझ्या मागे उभे होते. त्यांच्या मातीच्या एका नमुन्याशेजारी त्याच फेरीतला झरा होता, त्याच फेरीतले पक्षी होते.

"इतकी वर्षं माती गोळा केली," ते म्हणाले. "कुणी ढुंकून विचारलं नाही. आता जग बघेल."

लोकांना दिसणारी प्रत आमच्याकडे नव्हती. निधी देणाऱ्यांच्या दिल्लीच्या यंत्रावर होती. आमच्या सर्व्हरवर जे असेल ते रोज आपोआप तिकडे जाई. भेट देणाऱ्यांचे आकडेही तिकडूनच येत, तीन-तीन महिन्यांनी.

सप्टेंबरात दिल्लीची समिती आली. संचालक डॉ. कानिटकर यांनी सभागृहात पडदा लावून घेतला होता, आणि मला साडी नेसून यायला सांगितलं होतं. सांगवडेकर सर आले नाहीत. "मला पडद्यावरची झाडं बघवत नाहीत," असा निरोप त्यांनी पाठवला होता.

पंधरा-वीस मिनिटं सगळं नीट चाललं. मग समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "एखादी दुर्मीळ वनस्पती दाखवता का? तिच्याबद्दल बाकी विभागांकडे काय आहे ते?"

"का नाही!" कानिटकर सर म्हणाले, आणि माझ्या हातातला माउस त्यांनीच घेतला. यादीत सगळ्यांत वर, कारण जिथे शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह करून ती नोंद वर ठेवायचा आमचा नियम होता, सांगवडेकर सरांचीच ओळ होती: *खर्पुडी, नवी जात?* कानिटकर सरांनी ती दाबली.

पडदा भरला. डावीकडे झाड, सरांनीच काढलेला फोटो. जागा: फक्त तालुका. खाली 'त्याच फेरीतून' असं लिहून मातीचे चार नमुने, एक डबकं, तीन पक्षी. आणि उजवीकडे नकाशा. मोमीन सरांनी मातीच्या प्रत्येक नमुन्याचे अक्षांश-रेखांश लिहिले होते. माती तशीच लिहितात. एक नमुना पायथ्याचा, दोन वाटेतले. चौथ्याच्या शेऱ्यात मोमीन सरांनी लिहिलं होतं: *खडकाच्या भेगेतली, खर्पुडीच्या मुळाजवळची.* भैरीच्या सड्याच्या उत्तरेच्या टोकावर लाल ठिपका लुकलुकत होता.

सभागृहात टाळ्या झाल्या. समितीतल्या बाई म्हणाल्या, "सुरेख. हेच अपेक्षित होतं."

चहाच्या वेळी मी संचालकांना गाठलं.

"सर, ती जोडणी काढावी लागेल. निदान त्या झाडापुरती. जागा उघडी पडलीय."

"कुणाची?"

मी सांगितलं. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, वेळेत काढलं आणि खाल्लं.

"सांगवडेकरांनी जागा लिहिलीय का?"

"नाही."

"मोमीननी झाडाचे अक्षांश दिलेत का?"

"मातीचे दिलेत."

"मग चूक कुणाची? कुणाचीच नाही. यंत्रानं आपलं काम केलं."

"सर, दिल्लीची प्रत आठवड्यापासून उघडी आहे. मी इथून काढलं तरी तिथे राहतं. तिथून काढायला तुमच्या सहीचा अर्ज लागतो."

"आज समिती इथे जेवतेय, स्नेहल. आणि आज मी अर्ज करू, की आमचा माल परत द्या?" ते हसले. "अहवाल येऊ दे. मग बघू."

मोमीन सर जिन्यात भेटले. त्यांनी आपले नमुने मागे घ्यायचं ठरवलं असतं, तर संचालकांच्या सहीची गरज नव्हती. ज्याची माहिती, त्याचा शब्द पुरे, असा दिल्लीचा नियम होता. मी विचारलं.

त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं.

"फक्त तो एक नमुना नाही ना काढता येत?"

"नाही सर. आख्खा संच निघतो."

"आख्खा म्हणजे माझं सगळंच."

"हो."

"त्या बाईंनी माझं नाव लिहून घेतलं, मगदूम. म्हणाल्या, असा मातीचा संच देशात नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांगवड्याला उगाच भीती आहे. सड्याच्या त्या टोकाला गुरंसुद्धा जात नाहीत, कोण जातंय?"

सांगवडेकर सरांना मीच सांगितलं. ते संग्रहाच्या खोलीत होते. खिडक्या उघड्या होत्या, आणि ते जुन्या वर्तमानपत्रात दाबलेल्या फांद्यांवरची बुरशी ब्रशनं झटकत होते. मी सांगत असताना ब्रश थांबला नाही. सांगून झाल्यावर थांबला.

"नजीर संच काढतो का?"

मी शेजारच्या फांदीवरचा कागद सरळ केला.

"समजलं," ते म्हणाले. "कितीजणांनी पाहिलं असेल?"

"ते आत्ता कळत नाही, सर. आकडे तीन महिन्यांनी येतात. कदाचित कुणीच नाही."

"कदाचित." त्यांनी फांदीवर पुन्हा कागद ओढला. "उद्या येशील? साडी नको नेसूस."

"कुठे?"

"तुझ्या ठिपक्यावर."

"जीप सांगू?"

"नको," ते म्हणाले. "दौरा क्रमांक पडेल."

आम्ही एसटीनं गेलो आणि पायथ्याच्या वाडीपासून चढलो. सड्यावर आलो तेव्हा ढग खाली होते आणि सगळा कातळ फुलांनी निळा-पिवळा झाला होता. मी थबकले. इतके महिने मी या जागेच्या आम्लतेचा आकडा पाठ म्हणू शकत होते, आणि इथे असं असतं हे मला माहीत नव्हतं.

"हे बघायला सगळे येतात," सर म्हणाले. "चल, पुढे."

उत्तरेच्या टोकाला कातळ फुटलेला होता. भेगांमधून बारीक गवत आलं होतं. सर बसले. मला काही दिसेना. त्यांनी माझी मान धरून खाली वळवली, तेव्हा एका गवताच्या काडीचं फूल झालं. नखाएवढी नळी, तळाशी फुगीर, वर पाच पट्ट्या जुळून झालेली जांभळट जाळी. आणि मग एक दिसल्यावर इकडे तिकडे सगळीकडे दिसायला लागली, तीस-पस्तीस असतील.

सरांनी पिशवी उघडली. ओलं शेवाळ, वर्तमानपत्रं, डालड्याचे रिकामे डबे, आणि घरून आणलेलं धिरडं उलटायचं पातळ उलथनं.

"सर?"

"खुरपं भेगेत जात नाही. हे जातं."

"तुम्ही हलवणार आहात?"

"अजून कोण हलवणार? त्यांची वाट बघू?" त्यांनी पहिल्या झाडाच्या कडेनं उलथनं सरकवलं. "दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खर्पुडीवर मी पेपर लिहिला होता. नकाशासकट, हौसेनं. छापून यायच्या आधी अर्धी झाडं मी आपल्या वाफ्यात आणून लावली, सहज, अभ्यासाला. अर्धी तिथेच ठेवली. पुढच्या मोसमात गेलो तर भोकं. ओळीनं भोकं, वांग्याच्या शेतात खणल्यासारखी. ठेवलेल्यातलं एक राहिलं नाही. आणलेल्यातलं एक मेलं नाही. अजून फुलतात, तू बघितलीस, पंपाशेजारी आहेत ती."

"पण ही जात निराळी आहे ना?"

"चुलत बहीण आहे."

"थोडी ठेवूया, सर. निदान चार-पाच. एकाच उदाहरणावरून..."

"संख्याशास्त्र नको शिकवूस मला," ते ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या वेळी ठेवली होती. ज्याला जागा कळलीय त्याला चार ठेवली काय नि चाळीस काय. डबा धर."

मी डबा धरला. कंद खोल होते, सुपारीएवढे, भेगेच्या आकाराप्रमाणे चपटे झालेले. काही सुटून वर आले. काही अर्ध्यात मोडले. मोडले की सर उलथनं थांबवून डोळे मिटत, आणि मग पुढच्याकडे वळत. शेवटी त्यांनी प्रत्येक भेग पुन्हा मातीनं बुजवली, वर गवत ठेवलं, तळहातानं दाबलं.

"कुणाला कळायला नको," ते म्हणाले.

कुंड्या संस्थेतल्या जाळीच्या छपराखाली लागल्या. दुसऱ्या दिवशी मोमीन सर तिथे आले. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मोमीन सरांनी एक पोतं ठेवलं.

"भैरीच्या सड्याची आहे," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "जुनी राखून ठेवलेली. त्याला सांग, आम्लता खाली जाऊ देऊ नको. आणि डबक्याच्या पाण्याचा आकडा तुझ्या सर्व्हरवर आहे, तो बघून पाणी तसं कर."

"त्याला सांग, मला ऐकू येतं," सांगवडेकर सर म्हणाले.

मी सर्व्हरवरून आकडे काढले. माती, पाणी, सावलीचे तास. पाच विभागांची माहिती एका झाडासाठी एकत्र आली, आणि त्याप्रमाणे आम्ही कुंड्या भरल्या. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडून गळाली. पण खर्पुडीची पानं दिवाळीला गळतातच. कंद जमिनीत झोपतो आणि जूनमध्ये जागा होतो. म्हणजे झाड मेलंय की झोपलंय हे जूनपर्यंत कळणार नव्हतं. सर रोज यायचे, कोरड्या कुंड्यांपुढे उभे राहायचे, पाणी द्यायचा हात आवरायचे. झोपलेल्या कंदाला पाणी दिलं की तो कुजतो.

"उकरून बघूया का एक?" मी फेब्रुवारीत विचारलं.

"बघितलं की मेला," ते म्हणाले. "तुमच्या शास्त्रात असं नसतं. तुमचं कितीदाही बघा, तसंच राहतं."

हळूहळू ते मला झाडं शिकवायला लागले. मोमीन सर लांबच्या बाकावर बसून पेपर वाचत, आणि मध्येच म्हणत, "मगदूम, त्याला विचार, जिरेनियमचं स्पेलिंग तरी येतं का." असं करत दोघांचं पुन्हा जमलं.

जूनमध्ये पंपाशेजारची जुनी खर्पुडी उगवली, सगळी. कुंड्यांमध्ये काही नव्हतं. जूनचा शेवट आला. "सड्यावर गारवा असतो, इथे उशीर होणारच," सर म्हणाले. जुलैचा पहिला आठवडा गेला. मग एका सकाळी मी गेले तेव्हा त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि एकेक कुंडी उलटी करत होते. मोमीन सर शेजारी उकिडवे बसले होते. कंद माझ्या हातात दिला सरांनी. वजन नव्हतं. बोटानं दाबला तर भुईमुगाच्या टरफलासारखा आत गेला.

सगळे तसेच होते. शेवटची कुंडी सरांनी उलटी केली नाही. मोमीन सरांनी केली.

नळावर हात धुता धुता सरांनी विचारलं, "मगदूम, ते दिल्लीचे आकडे आले का गं?"

"आले सर. जानेवारीत आले. परत एप्रिलमध्ये."

"मला सांगितले नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतो. त्या पानावर कितीजण येऊन गेले?"

मी मोमीन सरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"कुणी नाही," मी म्हणाले.

नळ चालूच होता.

"कुणी नाही म्हणजे?"

"संस्थेतले संगणक सोडले तर कुणीच नाही. शोधयंत्रांचे रोबोट येऊन जातात, ते सगळीकडेच जातात. माणूस कुणी आला नाही."

"सड्याच्या पानावर. पण बाकीच्या..."

"बाकीच्याही नाही, सर. आख्ख्या सूचीवर नाही. वार्षिक अहवालात चार हजार भेटी लिहिल्यात, ते रोबोट धरून."

"एकही माणूस नाही," सर म्हणाले.

"नाही."

"आणि माझी माती?" मोमीन सरांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणी विचारलं. "त्या बाईंनी नाव लिहून घेतलं होतं ना?"

"त्यांनीही उघडली नाही, सर."

सांगवडेकरांनी नळ बंद केला, हात रुमालाला पुसले. मग ते हसायला लागले. मोमीन सरांच्या खांद्यावर हात ठेवून, पुढे वाकून, खोकला येईपर्यंत हसले.

"इतकी वर्षं लपवली रे, नजीर," ते म्हणाले. "लपवायचं कारणच नव्हतं. कुणाला नकोच होती."

महिनाअखेरीस ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला नारळ, शाल आणि कानिटकर सरांचं भाषण झालं. भाषणात सूचीचा उल्लेख झाला. त्यानंतर शाल तशीच अंगावर घेऊन सर माझ्या खोलीत आले आणि स्टुलावर बसले.

"ती नोंद उघड."

मी उघडली. फोटो, माती, डबकं, पक्षी, ठिपका.

"सध्याची स्थिती काय लिहिलीय?"

"सुस्थितीत."

"बदल. नष्ट."

मी बदललं. यंत्रानं कारण मागितलं. पर्याय मीच घातले होते: चराई, वणवा, खाणकाम, रस्ता, चोरटी काढणी. आणि शेवटी, स्वतः लिहिण्यासाठी, इतर.

"चोरटी काढणी लिहू नकोस," सर म्हणाले. "चोरून नव्हती. दिवसाढवळ्या केली, उलथन्यानं. इतर घे. लिही: संरक्षण."

"सर..."

"दुसरा शब्द आहे तुझ्याकडे? असेल तर सांग. मला अचूक हवाय."

मी 'संरक्षण' लिहिलं. माहिती देणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी चष्मा लावून सगळी ओळ वाचली, मान हलवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कानिटकर सरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर छापून आलेले वार्षिक अहवाल होते. मुखपृष्ठावर तेच हिरवट पिवळं फूल.

"हे काय लिहिलंयस? नष्ट, आणि कारण संरक्षण? दिल्लीला काय सांगू मी?"

"जे झालं ते, सर."

"जुनी प्रत असेल ना, बदलाच्या आधीची?"

"रोजची असते."

"परवाची आण मग."

"मी नाही आणणार, सर."

ते रागावले नाहीत. "बरं," म्हणाले.

त्यांनी बाहेरच्या एका कंपनीतला माणूस बोलावला. त्यानं पंधरा मिनिटांत काम केलं. बिघाड झाला तर जुनी प्रत कशी परत आणायची, याच्या सूचना मी इतक्या स्पष्ट लिहून ठेवल्या होत्या, की त्याला मला एकदाही विचारावं लागलं नाही. मार्चमध्ये मी नोकरी सोडली.

त्याला आठ वर्षं झाली. सांगवडेकर सर आता मुलीकडे नाशिकला असतात, गच्चीवर काही लावत नाहीत. सूची अजून चालू आहे. मी ती कधी कधी उघडते. खर्पुडी, नवी जात. भैरीचा सडा, उत्तरेचं टोक. माती आम्ल, शेजारी डबकं, तीन पक्षी. स्थिती: सुस्थितीत.